कारखाना बंद झाल्याचा कागद कोण देतं?

कारखाना सुरू करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कागद मिळत जातात. परवाना, संमतीपत्र, नोंदणी क्रमांक, कोड नंबर. बंद करणाऱ्याला मात्र प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न ऐकावा लागतो, ‘बंद केल्याचा पुरावा काय?’ आणि तो पुरावा नेहमी दुसऱ्याच खात्याकडून आणायचा असतो. आपण याला टोलवाटोलवी म्हणतो आणि कारकुनाच्या नावानं खडे फोडून मोकळे होतो. कारकून अगदी निर्दोष आहे असं नाही. पण त्याच्या मागच्या कपाटातले कायदे कसकसे जन्मले हे पाहिलं, तर लहान कारखाना ‘बंद झाला’ असं जाहीर करण्याचं काम कोणालाच नेमून दिलेलं नाही, हे लक्षात येतं.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कारखाना कायमचा बंद करण्याबद्दल मुळात जवळपास काही नव्हतं. मालकाचा धंदा, मालकाची मर्जी, असाच समज होता. १९५३ मध्ये कामगारकपातीची भरपाई आली. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. पण सगळा उद्योगच गुंडाळला, तर त्याला कपात म्हणायचं का? हा प्रश्न सुप्रीम कोर्टात नेणाऱ्यांत आपली बार्शी लाइट रेल्वे होती. कुर्डुवाडी ते बार्शी अशी १८९७ मध्ये धावू लागलेली ही छोटी गाडी १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ताब्यात घेतली. कंपनीनं कामगारांना सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या, कामगारांनी भरपाई मागितली. बडोद्याच्या एका गिरणीचा दावाही याच मुद्द्यावर होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये निकाल लागला : चालू धंद्यातून जादा माणसं काढणं म्हणजे कपात, धंदाच संपला तर ती कपात नव्हे. भरपाई नाही.

संसदेनं पुढच्याच वर्षी ही पळवाट बुजवली. बंद करणाऱ्यालाही भरपाई द्यावी लागेल, असं कलम आलं. मालकाच्या आवाक्याबाहेरच्या कारणानं बंद करावं लागलं, तर ती तीन महिन्यांच्या पगाराइतकीच. पण नुसता तोटा, पडून राहिलेला माल ही ‘आवाक्याबाहेरची कारणं’ धरायची नाहीत, असं तिथेच स्पष्ट लिहून ठेवलं. धंदे बंद पडतात ते बहुतेक याच कारणांनी, हा भाग वेगळा.

त्यानंतर रातोरात टाळं लावून पळणाऱ्या मालकांना चाप म्हणून १९७२ मध्ये साठ दिवसांची आगाऊ नोटीस सक्तीची झाली. १९७६ मध्ये, आणीबाणीत, ३०० किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची परवानगीच घ्यावी लागेल असं ठरलं. मुंबईच्या ‘एक्सेल वेअर’ या तयार कपड्यांच्या कारखान्याला ती नाकारली गेली. प्रकरण घटनापीठापुढे गेलं आणि १९७८ मध्ये ते कलम रद्द झालं. धंदा करण्याच्या हक्कात तो बंद करण्याचा हक्कही येतो, मात्र तो अमर्याद नाही, असं कोर्ट म्हणालं. १९८२ मध्ये कलम दुरुस्त होऊन परत आलं आणि १९८४ पासून लागू झालं. कामगारांची मर्यादा ३०० वरून १०० वर आली, आणि सरकारनं साठ दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायची सोय झाली.

या सगळ्या इतिहासात एक बारीकसा अपवाद आहे, आणि आपला विषय खरा तिथेच आहे. पन्नासपेक्षा कमी कामगार असतील, तर परवानगी तर नकोच, साठ दिवसांची नोटीसही नको. भरपाई चुकती करायची आणि शटर ओढायचं. ही सवलतच होती, हेतूही चांगला होता. परिणाम असा झाला की मोठ्या कारखान्याकडे निदान एक अर्ज असतो, त्यावर एक निर्णय असतो, तारीख असते, शिक्का असतो. लहान्याकडे त्यातलं काहीच नाही. कामगार कायद्याच्या नजरेत तो सुटला, आणि बाकीची सगळी खाती त्याच्याकडे नेमका तोच न निघालेला कागद मागत राहिली.

ही बाकीची खाती आली ती एकेकटी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या काळजीपोटी. १९४८ मध्ये कारखाने अधिनियम आणि कर्मचारी राज्य विमा कायदा, १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधी. महाराष्ट्रात १९५३ चा कामगार कल्याण निधी, १९७५ चा व्यवसाय कर. पाण्याच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये आलं, त्याचे भूखंड ९५ वर्षांच्या लीजवर. म्हणजे जागा आपली वाटली तरी विकायला निघालं की महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरणाचे पैसे आलेच. प्रत्येक कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकच माणूस होता, कामगारांचे पैसे बुडवून पसार होणारा मालक. तो होताच, आजही आहे. म्हणून विमा आणि निधी दोन्हींत एक तरतूद घातली : एकदा कायदा लागू झाला की पुढे कामगार कितीही कमी झाले तरी तो लागूच राहणार. मुद्दाम माणसं कमी दाखवणाऱ्यावर तो उपाय होता, आणि तो लागूही पडला. पण प्रामाणिकपणे आकसत जाऊन थांबलेल्या धंद्यालाही तीच तरतूद लागते.

माझ्या ओळखीतल्या एका काकांचं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या वस्तूंवर रंगाची पूड भाजून बसवण्याचं, युनिट होतं, सात टाक्यांचं. सुरुवातीला तेवीस माणसं, शेवटी नऊ. मुलाला धंद्यात रस नव्हता. कामगारांचा हिशेब एका दुपारी झाला, चहा झाला, दोघं-तिघं रडले. काकांना वाटलं, अवघड भाग संपला. मग ते फाइल घेऊन निघाले.

पहिल्या ठिकाणी सांगितलं, मीटर चालू आहे, म्हणजे कारखाना चालू आहे. आधी ‘पीडी’ करून आणा. (वीज कायमची तोडण्याला औद्योगिक वसाहतीत सगळे पीडीच म्हणतात.) पण वीज तोडली तर टाक्यांतला फॉस्फेटचा गाळ उपसायचा कसा? तो घातक कचऱ्यात मोडतो. घंटागाडीत टाकता येत नाही, अधिकृत प्रकल्पातच पाठवावा लागतो. तो गेल्याची कागदपत्रं नाहीत तर प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र रद्द होणार नाही. आणि संमतीपत्र रद्द झाल्याचं पत्र नाही तोवर भूखंडाच्या फाइलला कोणी हात लावायला तयार नाही. गाळ नेणारी गाडी तर पूर्ण भरल्याशिवाय फिरत नाही, आणि काकांचा गाळ जेमतेम चार पिंपं.

सगळ्यांत कमाल झाली ती एका तपासणीत. प्रत्यक्ष पाहणीसाठी एक साहेब येऊन गेले, न कळवता. गेटला कुलूप. त्यांनी शेरा मारला : ‘आस्थापना बंद आढळली. भोगवटादार गैरहजर. दस्तऐवज सादर केले नाहीत.’ त्यावर नोटीस निघाली. काका ती घेऊन आनंदानं धावत गेले. सरकारी कागदावर पहिल्यांदाच ‘बंद’ हा शब्द आला होता! हाच पुरावा धरा, म्हणाले. उत्तर मिळालं, ‘हा शेरा आमच्या अंतर्गत कामासाठी आहे, त्याचा बाहेर उपयोग नाही. तुम्ही आधी नोटिशीचा खुलासा द्या.’

या कोंडीची जाणीव वरच्या पातळीवर नव्हती असं नाही. १९८५ चा आजारी उद्योगांचा कायदा आला, पण त्याच्या व्याख्येतून लघुउद्योग वगळलेलेच होते. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणानं अठरा उद्योग सोडून बाकी सगळ्यांची परवाना पद्धत काढली, आत येण्याचं दार सताड उघडलं. ‘एक्झिट पॉलिसी’, म्हणजे धंद्यातून बाहेर पडण्याचं धोरण, हा शब्द त्या वर्षांत वर्तमानपत्रांत रोज असे, पण चर्चा होती ती सरकारी उपक्रमांची आणि हजारो कामगारांच्या कारखान्यांची. २०१५-१६ च्या आर्थिक पाहणी अहवालानं या दुखण्याला नावच दिलं, चक्रव्यूह. आत शिरणं जमतं, बाहेर पडणं नाही. उपमा सरकारची, आणि अभिमन्यूचं पुढे काय झालं हे अहवाल लिहिणाऱ्यांना नक्कीच ठाऊक असणार. २०२०-२१ च्या अहवालात आकडे आले : वाद नाही, कोर्टकज्जा नाही, कागद पूर्ण, अशा कंपनीलाही स्वेच्छेनं गुंडाळायला १,५७० दिवस. त्यातले सुमारे १,०३५ दिवस प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी आणि जीएसटी यांच्याकडच्या मंजुऱ्या आणि परताव्यांत.

मे २०२३ मध्ये कंपन्यांची नावं नोंदवहीतून झटपट काढण्यासाठी केंद्र सरकारनं हरियाणातल्या मानेसरला स्वतंत्र केंद्र सुरू केलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून एकोणतीस कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या आणि परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० वर गेली. पण पन्नासच्या आतल्यांना नोटिशीतून सूट तशीच, आणि ‘एकदा लागू ते पुढे लागू’ हेही तसंच. मानेसरचं केंद्र कंपन्यांपुरतं आहे. वसाहतीतले लहान कारखाने बहुतेक एकट्याच्या मालकीचे नाहीतर भागीदारीचे. त्यांच्यापैकी कोणी खरोखर कर्जात बुडाला, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्ती आणि भागीदारीचा भाग कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झालेला असल्यानं, त्याच्या वाट्याला मुंबईत १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्रात १९२० चा इंग्रजी अमदानीतला कायदा येतो.

काकांचं कर्ज वगैरे काही नव्हतं. जीएसटी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत भरायचं शेवटचं विवरणपत्रही त्यांनी वेळेत भरलं, ते एक काम घरबसल्या झालं. भूखंडाचा निकाल लागायला दुसरा पावसाळा उजाडला. आता तिथे प्लास्टिकचे क्रेट बनवणाऱ्यांची पाटी आहे, आणि काकांच्या फर्मच्या नावाची पत्रं अजून त्याच गेटवर येतात. नवीन वॉचमन ती एका पिशवीत साठवतो आणि महिन्याकाठी फोन करून सांगतो, ‘काका, तुमच्या कारखान्याचं टपाल आलंय.’