दिवाळीनंतरची तितूर

मलशुद्धीकरण केंद्राची चर्चा बहुतेक गावांत निधी, जागा आणि टेंडरपाशी येऊन थांबते. नदीचा स्वभाव त्यात येतच नाही. चाळीसगावच्या तितूरबाबत तो आधी पाहायला हवा.

डोंगरातून उतरणारी तितूर चाळीसगावातून पुढे जाऊन गिरणेला मिळते. डोंगरी नावाची नदी गावातच तिला भेटते. या दोघी किती अंगावर येतात हे ३१ ऑगस्ट २०२१ च्या पुरात गावानं पाहिलं. पण पाऊस सरला की वरून येणारं पाणी आटत जातं, आणि उन्हाळ्यात पात्रात उरतं ते मुख्यतः गावानं सोडलेलं.

नळ येण्याआधी सांडपाणी असायचंच किती? आडातून शेंदून किंवा वाळूत झिरा करून आणलेलं पाणी कोण उगाच सांडणार? संडास टोपलीचे होते. मैला डोक्यावरून वाहून नेला जाई, गावाबाहेर त्याचं सोनखत होई. नदी त्यामुळे वाचत होती हे खरं, पण ती व्यवस्था काही जातींच्या माणसांच्या अपमानावर उभी होती. तिला बंदी घालणारा केंद्र सरकारचा कायदा यायला १९९३ साल उजाडलं. त्या दिवसांसाठी कुणी हळहळू नये.

मग धरणाचं पाणी नळाला आलं, पाठोपाठ फ्लशचे संडास आले. घरात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरतात. ते न्यायचं कुठे, याची सोय मात्र लहान शहरांत मागेच राहिली. सेप्टिक टँकचा पाईप गटारीत, गटार नाल्यात, नाला नदीत.

कायदे नव्हते असं नाही. महाराष्ट्राचा जलप्रदूषण कायदा १९६९ चा, केंद्र सरकारच्या कायद्याहून पाच वर्षं जुना. पण धाक राहिला तो कारखान्यांना. नगरपालिकांकडे गांभीर्यानं पाहिलं गेलं ते फार उशिरा. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यात महाराष्ट्राचे ५३, म्हणजे देशात सर्वाधिक. तापी, गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, गोमाई, रंगावली आणि तितूर, निम्मं खानदेश त्या यादीत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानं सांडपाणी आणि कचऱ्यापायी राज्याला १२ हजार कोटी रुपयांची भरपाई ठोठावली.

आता मलशुद्धीकरण केंद्र उभं राहिलं की प्रश्न मिटला, असं मानणं तितूरला परवडणार नाही. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, ते बीओडी सांगतो. महानगरं सोडून इतर शहरांच्या केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात २०१७ च्या नियमानुसार तो लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो; आंघोळीच्या घाटावर मात्र ३ च्या वर चालत नाही. मधली तफावत नदीच्या प्रवाहानं भरून काढायची, असा हा हिशेब. उन्हाळ्यात तितूरकडे तो प्रवाहच नसतो. केंद्रातून सुटेल तीच नदी. लवादानं २०१९ मध्ये ही मर्यादा १० पर्यंत खाली आणायला सांगितलं, ते म्हणूनच मला मोलाचं वाटतं.

केंद्राच्या टाकीतली घाण जिवाणू खातात आणि त्यांना हवा पुरवतात ब्लोअर. ते काही दिवस बंद राहिले तर हे जिवाणू मरतात आणि ते टाकीत पुन्हा वाढवायला आठवडे जातात. विजेचा सर्वांत मोठा खर्चही याच ब्लोअरचा. बांधकामाला सरकारी अनुदान मिळतं, वीजबिल मात्र नगरपालिकेच्या तिजोरीतून जातं. पुढच्या काही वर्षांचं वीजबिल आणि घरोघरची गटारजोडणी, या दोन्हींची तरतूद केंद्राला मंजुरी देतानाच व्हायला हवी.