कडव्या पण कच्च्या विरोधकाचा फायदा नेमका कोणाला?

निकाल लागला की मराठवाड्यात पारावर, बसस्टँडवर, मोंढ्यात एक वाक्य हमखास फिरतं: "त्यानं मतं खाल्ली, म्हणून आपला पडला." जिंकलेल्यांच्या घोळक्यात दुसरंच चाललेलं असतं: "समोर असला कडवा माणूस आला, तिथंच आपली सीट निघाली." दोन्ही वाक्यांच्या पोटात एकच प्रश्न आहे. निवडून यायची ताकद नाही, पण भाषा मात्र टोकाची, असा पक्ष मैदानात असला की बाकीच्यांचं भलं होतं की वाटोळं? एका निवडणुकीपुरतं बघितलं तर बहुतेक वेळा कोणाचं तरी भलं होतं. चार-पाच निवडणुका ओळीने बघितल्या की हिशेब फिरू लागतो.

आधी मतं खाण्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. २०१९ च्या लोकसभेला औरंगाबाद मतदारसंघात इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२, चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५० आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना २,८३,७९८ मतं पडली. लीड ४,४९२ चं. नांदेडला प्रताप पाटील चिखलीकर ४,८६,८०६, अशोक चव्हाण ४,४६,६५८ आणि वंचित बहुजन आघाडीचे यशपाल भिंगे १,६६,१९६. लीड ४०,१४८ चं. (यातलं कोणी टोकाचं होतं असा अर्थ काढू नये. आकडे फक्त वजाबाकी-भागाकारासाठी घेतले आहेत.)

तिसऱ्याची सगळी मतं उचलून दुसऱ्याच्या खात्यात टाकायची, ही पारावरची पद्धत चुकीची आहे. तिसरा उभाच नसता तर त्याच्या मतांना तीन वाटा होत्या: काही दुसऱ्याकडे गेली असती, काही विजेत्याकडेच गेली असती आणि काही लोक घराबाहेरच पडले नसते. म्हणून लीडला तिसऱ्याच्या मतांनी भागायचं. औरंगाबादला उत्तर येतं १.६ टक्के. म्हणजे जाधवांच्या दर शंभर मतांमागे खैरेंना जलील यांच्यापेक्षा फक्त दोन मतं जास्त मिळाली असती तरी निकाल उलटला असता. नांदेडला उत्तर येतं २४.२ टक्के, आणि तिथे विचार करावा लागतो. भिंगेंच्या शंभरातली ५० चव्हाणांकडे, २० चिखलीकरांकडे आणि ३० घरी धरली, तर फरक ३० चा, निकाल उलटतो. ४५, २५ आणि ३० धरली, तर फरक २० चा, निकाल आहे तसाच राहतो. दोन्ही अंदाज सारखेच पटण्यासारखे आहेत, म्हणून नांदेडबद्दल छातीठोकपणे बोलणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये.

निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मध्ये बूथनिहाय मतं मिळतात, तो उघडून बसलात तरी जपून. एखाद्या बूथवर तिसऱ्याची २०० वाढली आणि दुसऱ्याची २०० घटली, म्हणून तीच माणसं इकडून तिकडे गेली असं सिद्ध होत नाही. यादी बदललेली असते, एका बूथचे दोन झालेले असतात आणि नोव्हेंबरात मतदान असेल तर बीड-जालन्याकडची कित्येक माणसं ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असतात. अनामतही फसवी. ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. पण अनामत जप्त झालेला उमेदवारही निकाल फिरवून जातो.

मतं खाल्ली की नाही, हे झालं एका दिवसाचं. टोकाच्या पक्षाचा खरा परिणाम बाकीचे कुठे उभे राहतात यावर होतो. अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ साली आणि अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली जी रेषा मांडली, ती इथे उपयोगी पडते. आपण ती उसावर काढू. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा उसावरून झालेले वाद आठवत असतील. शून्यावर 'ऊस पूर्ण बंद', शंभरावर 'उसाला कसलीही अट नको', आणि मतदार या रेषेवर सारखे पसरलेले. प्रत्येकजण आपल्याला जवळच्या पक्षाला मत देतो. मराठवाड्याचं राजकारण एका रेषेवर मावत नाही हे कबूल. जात, सोयरीक, कारखान्याचं सभासदत्व हे सगळं बाजूला ठेवलं आहे.

दोनच पक्ष असले आणि दोघेही ५० वर उभे राहिले तर बरोबरी. आता ब पक्ष ९० वर गेला. अ आणि ब यांचा मध्य ७० वर येतो, म्हणून अ ला ७० टक्के, ब ला ३०. कडव्या विरोधकाने अ चं भलं केलं, इथवर सगळ्यांना कळतं. पण आता अ पक्षातल्या एका गटाला आपला अजेंडा रेटायचा आहे. अ ५० वरून २० वर सरकला, तर मध्य ५५ वर, अ ५५-४५ ने तरीही जिंकतो. अगदी ११ वर गेला तरी मध्य ५०.५ वर पडतो आणि सत्ता राहते! ५० वर बसलेला मतदार अ पासून ३९ घरं लांब, ब पासून ४० घरं लांब, तोंड वाकडं करून अ लाच मत देतो. ब ने टोक गाठल्यामुळे अ ला ३९ घरं मोकळी सुटली. ब एकही जागा न जिंकता धोरण बदलून जातो, तेही स्वतःला हवं त्याच्या उलट दिशेने.

मग मधल्या जागेत क पक्ष येतो, ५५ वर उभा राहतो. अ २० वर, क ५५ वर, ब ९० वर: अ ३७.५, क ३५, ब २७.५. अ च निवडून येतो. ब मैदानातून उठला असता तर क ला ६२.५ मिळाली असती. ब ची साडेसत्तावीस टक्के मतं अ ची खुर्ची धरून ठेवतात.

हे कागदावरच घडतं असं नाही. १९८३ साली ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने एकतर्फी अण्वस्त्रत्याग आणि युरोपीय समुदायातून बाहेर पडणं अशी आश्वासनं देऊन निवडणूक लढवली. त्यांना २७.६ टक्के मतं आणि २०९ जागा मिळाल्या. मधल्या जागेवरच्या सोशल डेमोक्रॅट-लिबरल युतीला २५.४ टक्के मतं आणि जागा फक्त २३. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाची मतं १९७९ च्या ४३.९ वरून ४२.४ टक्क्यांवर घसरली, जागा मात्र ३३९ च्या ३९७ झाल्या.

टोकाचा उमेदवार नेमका किती महागात पडतो, हे राज्यशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉल यांनी २०१५ साली अमेरिकेत मोजलं. तिथे पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी प्रायमरी होते. जिथे कडवा आणि मवाळ यांच्यातली प्रायमरी अगदी थोडक्या मतांनी सुटली, तेवढ्याच लढती त्यांनी घेतल्या, कारण अशा ठिकाणी कोण जिंकला हे जवळपास नाणेफेकीसारखं असतं आणि मतदारसंघाचा गुण-दोष मध्ये येत नाही. कडवा उमेदवार निघाला की पक्षाची मतं सरासरी ९ ते १३ टक्के-अंकांनी घटली (४० टक्क्यांची ३० टक्के झाली तर १० टक्के-अंक) आणि जागा जिंकण्याची शक्यता ३५ ते ५४ टक्के-अंकांनी. पुढे थॉम्पसन यांच्यासोबतच्या अभ्यासात कारणही सापडलं: मधले मतदार फिरतात हा भाग लहान, खरी गोष्ट म्हणजे समोरच्या पक्षाचे लोक जास्त प्रमाणात मतदानाला बाहेर पडतात. आपल्याकडच्या बूथप्रमुखाला हे नवीन वाटणार नाही.

इतका फायदा दिसत असेल तर कडव्या विरोधकाला रसद पुरवायचा मोह कोणाला होणार नाही? २०१२ साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात सिनेटर क्लेअर मॅककॅस्किल यांनी विरोधी पक्षाच्या प्रायमरीत टॉड एकिन 'फारच कडवे' असल्याच्या जाहिराती स्वतःच्या पैशातून लावल्या. त्या पक्षाच्या मतदारांना ती टीका प्रशस्तिपत्रासारखी वाटली, एकिन यांनाच उमेदवारी मिळाली आणि मॅककॅस्किल सुमारे १६ टक्के-अंकांनी जिंकल्या. हाच खेळ २०१५ साली हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेच्या एका अंतर्गत टिपणात होता: विरोधी पक्षातल्या टोकाच्या इच्छुकांना माध्यमांनी गांभीर्याने घ्यावं असं बघा. त्यात डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जिंकण्याची शक्यता घटते म्हणजे ती शून्य होत नाही.

नुकसानाची दुसरी वाट घरातूनच जाते. समोर धाक उरला नाही की खरी निवडणूक तिकिटाची होते, आणि विरोधकांशी न झालेली लढाई पक्षात होते. ज्या मतदारसंघात विरोधक नावालाच, तिथेच बंडखोरांची रांग सगळ्यात लांब, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात पाहायला मिळेल. थॅचर यांनी १९८७ ला पुन्हा मोठं बहुमत मिळवल्यावर पोल टॅक्स (गरीब-श्रीमंत सगळ्या प्रौढांवर डोईमागे कर) रेटला, तो १९८९ मध्ये स्कॉटलंडला आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्सला लागू झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना पायउतार केलं ते स्वतःच्याच खासदारांनी. रेषेवर ११ कडे सरकणं म्हणतात ते हेच, असं आमचं मत. भारतातल्या राज्यांचा प्रदीप छिब्बर आणि इरफान नूरुद्दीन यांनी २००४ साली केलेला अभ्यासही इथे लागू पडतो: जिथे दोन पक्षांत खरी चुरस असते, तिथली सरकारं सगळ्यांच्या उपयोगाच्या सोयींवर जास्त खर्च करतात, मतं अनेक पक्षांत फुटली की सत्ताधाऱ्याला आपापला गट सांभाळला तरी पुरतं.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र फ्रान्समध्ये बघावं. समाजवादी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ यांनी १९८५ साली संसदेची निवडणूक पद्धत प्रमाणशीर केली, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा. १९८६ ला ल पेन यांच्या अतिउजव्या नॅशनल फ्रंटला ३५ जागा मिळाल्या आणि उजव्यांची मतं फुटली. समाजवाद्यांचं नुकसान कमी झालं. २००२ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी (तिथे पहिले दोघेच दुसऱ्या फेरीत जातात) त्यांचेच उमेदवार लिओनेल जोस्पँ पहिल्या फेरीत १६.१८ टक्क्यांवर अडकले, ल पेन १६.८६ वर; फरक दोन लाख मतांहून कमी, आणि समाजवादी दुसऱ्या फेरीबाहेर. त्या दिवशी मैदानात १६ उमेदवार होते. दुसऱ्या फेरीत उजव्या पक्षाचे जाक शिराक यांनी ल पेन यांना ८२.२१ टक्के मतं घेऊन चिरडलं. कडवा विरोधक असावा तर असा, असंच कोणीही म्हटलं असतं. पुढे त्याच पक्षाविरुद्ध मधल्या जागेवरच्या इमॅन्युएल माक्राँ यांना २०१७ साली ६६.१ टक्के आणि २०२२ साली ५८.५५ टक्के. सरकारवर राग आला की लोक समोर जे दार दिसेल त्याने बाहेर पडतात, आणि बाकीची दारं बंद झाली असतील तर तेच एक उरतं. फुंके, शुलारिक आणि ट्रेबेश यांनी २० प्रगत देशांतल्या ८०० हून अधिक निवडणुका तपासल्या. बँका-वित्तव्यवस्थेतल्या पेचप्रसंगानंतर अतिउजव्यांची मतं सरासरी ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली.

मग मोठ्या पक्षांनी करायचं काय? बॉनी मेगिड यांच्या २००५ च्या अभ्यासात तीन चाली आहेत: दुर्लक्ष करणं, त्यांचा मुद्दा उचलणं किंवा उघड विरोध करणं. लांबच्या मोठ्या पक्षाने विरोध केला की त्या छोट्या पक्षाचा मुद्दा आणखी त्याच्याच नावावर होतो, आणि मतं जातात ती त्याच्या जवळच्या मोठ्या पक्षाची. मुद्दा उचलणं सगळ्यात लोकप्रिय, पण पश्चिम युरोपातल्या मतदारांवर क्राउझे, कोहेन आणि अबू-शादी यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात त्याने अतिउजव्यांची मतं कमी झालेली दिसत नाहीत.

आपल्या रेषेवर हे करून बघा. क पक्ष ५५ वरून ७० वर सरकला, ब ची मतं ओढायला. अ ४५, क ३५, ब २०. ब कडून साडेसात मिळाली, तितकीच अ ला गेली, क जिथे होता तिथेच. अ २० वर आणि ब ९० वर असेपर्यंत मधे कुठेही उभं राहिलं तरी क ला ३५ च मिळतात. बदलतं फक्त बाकीची ६५ कशी वाटली जातात ते. क ला जिंकायचं तर ४० आणि ५० च्या मधे यावं लागतं, ब कडे पाठ करून. ४५ वर तो ३५ मतांत निवडून येतो, अ ३२.५ वर थांबतो. आणि ब, जो २७.५ वर होता, तोही ३२.५ वर जातो.