व्होल्ट गुणिले अँपिअर: वॅट की व्हीए?

व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर. पहिला संबंध १८२७ मध्ये एका जर्मन शिक्षकाने छापला. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे १८४१ मध्ये इंग्लंडातून पुढे आलं. दोघांच्याही टेबलावर डीसी होता, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट; आपल्याकडे येतो तो दिशा बदलणारा एसी. आज पुण्यातल्या कारखान्यांच्या बिलात वॅट आणि व्हीएचा जो घोळ दिसतो, त्याचं मूळ तिथेच आहे.

गिझरपुरतं जुनं गणित चोख चालतं. २००० वॅट, २३० व्होल्टची कॉइल म्हणजे २६.४५ ओहम आणि ८.७ अँपिअर. सप्लाय २०० व्होल्टवर आला की करंटही उतरतो, म्हणून पॉवर १७४० नाही, सुमारे १५१० वॅटच उरते. साधा १०० वॅटचा पिवळा बल्ब मात्र फसवतो: पेटलेला असताना ५२९ ओहम, मल्टिमीटरवर थंड मोजला तर चाळीसच्या आसपास.

खरी अडचण मोटरची. भोसरीतल्या एखाद्या मोटरवर क्लॅम्प मीटर १४ अँपिअर दाखवतो, फेज-टू-फेज व्होल्टेज ४१५. दोन्हींचा गुणाकार थ्री-फेजसाठी १.७३२ ने गुणून येतात सुमारे १०,०६० व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर. याला वॅट म्हणता येत नाही. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएपैकी खरोखर कामी येणारा वाटा, ०.८ असेल तर खरी पॉवर ८.०५ किलोवॅट. बाकीचा करंट चुंबकीय क्षेत्र उभं करतो आणि परत जातो, पण केबल आणि ट्रान्सफॉर्मर त्यानेही तापतात. व्होल्टेज भागिले करंट करून निघतो तो इम्पीडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा; वाइंडिंगचा रेझिस्टन्स त्याहून कितीतरी कमी असतो.

मग पैसे कशाचे घ्यायचे? वर्षानुवर्षे युनिट म्हणजे किलोवॅट-तास होतं. पॉवर फॅक्टर ०.९ च्या खाली गेला तर दंड, ०.९५ च्या वर नेला तर सूट. १ एप्रिल २०२० पासून राज्याच्या वीज नियामकाने हाय टेन्शन (उच्च दाबाने वीज घेणाऱ्या) ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर, आणलं. दंड गेला, सूटही गेली. कालपर्यंत 'चांगला' मानला जाणारा ०.९५ आता किलोवॅट-तासांपेक्षा पाच टक्के जास्त युनिट मोजायला लावतो. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे, कारण लाइन व्हीए वाहते. पण शब्द तोच 'युनिट' राहिल्याने जुन्या-नव्या बिलांची तुलना करणारे आजही चुकतात.

वाद झाला तो लीडवरून. मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, तो लॅग; कॅपॅसिटरचा पुढे जातो, तो लीड. नव्या सूत्रात लॅग आणि लीड एकमेकांतून वजा होत नाहीत, त्यांची बेरीज होते. वरच्या मोटरचा पॉवर फॅक्टर ०.९९ वर न्यायला सुमारे ५ केव्हीएआरचा (काम न करता ये-जा करणाऱ्या पॉवरचं एकक) कॅपॅसिटर पुरतो. 'असू दे जास्तीचा' म्हणून मोठा टाकला की उलटा फटका. गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, ५० केव्हीएआरची कॅपॅसिटर बँक मॅन्युअलवर चालू राहिली तर २४ तासांत १२०० केव्हीएआरएच लीड खात्यात जमा होतात, मशीन एकही न फिरता. गरजेप्रमाणे कॅपॅसिटर जोडणारं ऑटोमॅटिक पॅनेल असूनही हे घडतं ते बहुतेक वेळा सीटीमुळे, म्हणजे करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमुळे: सीटी उलटी बसली किंवा पॅनेल चालवणाऱ्या रिलेला व्होल्टेज चुकीच्या फेजवरून दिलं, की रिलेला लॅगचा लीड दिसतो आणि तो नको तेव्हा कॅपॅसिटरच्या स्टेज आत-बाहेर करतो.