फेस मसाजर : निवड आणि सुरक्षित वापर

फेस मसाजर हे चेहऱ्याला हलकी मालिश करण्यासाठी हातात धरून वापरायचे, पर्समध्ये मावणारे साधन आहे. दगडाचा रोलर, ग्वा शा नावाची चपटी पट्टी, लाकडी मुठीला काशाची वाटी बसवलेली कांडी आणि बॅटरीवर थरथरणारी यंत्रे हे त्याचे नेहमी दिसणारे प्रकार.

मालिशीने त्वचेचा रक्तप्रवाह काही वेळ वाढतो. रात्री आडवे झोपल्यावर डोळ्यांखाली साठलेले पाणी लसीकावाहिन्यांतून (त्वचेखालचे जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) पुढे सरकायलाही मदत होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या जपानी अभ्यासात ५ मिनिटे रोलर फिरवल्यानंतर गालाचा रक्तप्रवाह १० मिनिटांहून अधिक काळ वाढलेला आढळला. सकाळची सूज उतरणे, जबड्याचा ताण सैल होणे, बरे वाटणे हा फायदा खरा आहे, पण तो काही तासांचा. चेहरा कायमचा बारीक होतो, सुरकुत्या पुसल्या जातात, हाडाची ठेवण बदलते, असे खोक्यावर छापलेले असेल तर ते साधन घेऊ नये.

काशाची वाटी : कासे म्हणजे सुमारे ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील. नाशिकला तांबे-पितळेच्या कारागिरीची जुनी परंपरा आहे, आणि भांडी बाजारात काशाची वाटी मागितली की ती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही. तळपायाला तूप चोळून वाटीने घासायची रीत घराघरांत आहे. चेहऱ्याची कांडी हे त्याच वाटीचे धाकटे रूप. घासताना त्वचेवर काळपट-हिरवट थर येतो आणि ‘अंगातली उष्णता निघाली’ असे म्हणतात. तो रंग अंगातून येत नाही. घाम आणि तेला-तुपातली आम्ले यांची तांब्याशी क्रिया होऊन जे क्षार तयार होतात त्यांचा तो रंग आहे. हे ठामपणे सांगायला हवे, कारण थर जास्त यावा म्हणून माणसे जोर लावतात. तळपायाची जाड कातडी तो जोर सोसते, चेहऱ्याची सोसत नाही. सुटी वाटी घेताना ती बोटांवर तोलून टिचकी मारावी : काशाचा नाद घुमत राहतो, तांबे-जस्ताच्या पितळेचा लवकर विरतो. मुठीला चिकटवलेल्या वाटीचा नाद दबतो, त्यामुळे कांडीला ही परीक्षा लागू पडत नाही. तिथे ओळखीचा दुकानदार आणि पक्के बिल यांवरच भरवसा.

दगड : रोलर बहुधा जेड किंवा गुलाबी स्फटिकाचे म्हणून विकले जातात. स्वस्त रोलर पुष्कळदा रंगवलेल्या दुसऱ्या दगडाचे किंवा काचेचे असतात. आत हवेचे गोल बुडबुडे दिसले तर ती काच. नाशिकजवळच्या सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकातले झिओलाइट नावाचे खनिज आणि स्फटिक पाहून आलेल्यांना आपल्याकडचाच दगड वापरावासा वाटतो. पण झिओलाइट ठिसूळ असतात आणि त्यांच्या कडा धारदार, ते पाहण्यासाठीच उत्तम. त्वचेच्या दृष्टीने दगडाच्या जातीपेक्षा त्याची कड महत्त्वाची आहे. पट्टी घेताना नखाने आणि मनगटाच्या आतल्या बाजूने सगळी कड फिरवून पाहावी, कुठेही खरखर किंवा चिरा नको. रोलरची दांडी करकरत असेल, किंवा दगड आणि तारेच्या चौकटीत फट असेल तर त्यात कातडी आणि केस चिमटतात. धातूचा रोलर घेताना निकेलची ॲलर्जी आठवावी : नकली दागिन्यांनी कान खाजतो अशांनी तो टाळावा.

बॅटरीची यंत्रे : थरथरणाऱ्या यंत्रात जोरापेक्षा वेग कमी करता येणे जास्त मोलाचे. चार्जिंगच्या यंत्रातील बॅटरीसाठी भारतीय मानक आयएस १६०४६ आहे आणि नोंदणी सक्तीची आहे, म्हणून खोक्यावर मानक ब्यूरोची खूण आणि नोंदणी क्रमांक पाहावा. यंत्र पाणी किती सोसते हे आयपीएक्स या खुणेवरून कळते : आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची चाचणी. आयपीएक्स ४ फक्त शिंतोड्यांपुरते, ते नळाखाली धरू नये. चार्जिंग चालू असताना यंत्र चेहऱ्याला लावू नये. मायक्रोकरंटची यंत्रे त्वचेतून सूक्ष्म वीज सोडतात. पेसमेकर असलेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी आणि गरोदरपणात ती वापरू नयेत. स्नायूंवर आदळणारी मसाज गन तर चेहरा-मानेसाठी नाहीच. मानेवर ती चालवल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला चीर गेल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

वापर : आधी हात, मग चेहरा, मग साधन धुवावे. कोरड्या कातडीवर काहीच फिरवू नये. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशकात डिसेंबर-जानेवारीची हवा कोरडी असते, गाल फुटतात आणि साधन अडखळते. तेव्हा बदामाच्या किंवा तिळाच्या तेलाचे थोडे थेंब घ्यावेत. खोबरेल मुरुमांच्या त्वचेची छिद्रे बुजवू शकते. पट्टी त्वचेला जवळजवळ आडवी टेकवून मधून बाहेर, म्हणजे नाकाकडून कानाकडे, हनुवटीपासून जबड्याच्या कडेने न्यावी. कातडी सुरकुतली, तर दाब जास्त झाला. डोळ्यांभोवतीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, तिथे फक्त साधनाचे वजन पुरते, आणि थरथरणारे यंत्र तर हाडाच्या कडेच्या आत नेऊच नये. एकंदर ५ मिनिटे पुरेत. येणारी लाली थोड्या वेळात ओसरली पाहिजे. अंगावर ग्वा शाची पट्टी घासण्याच्या उपचारात लाल वळ मुद्दाम उठवतात, चेहऱ्यावर तसा वळ म्हणजे इजा.

सर्वांत जास्त जपायची जागा मानेच्या पुढच्या-कडेच्या भागात आहे. जबड्याच्या कोनाखाली, जिथे नाडी लागते, तिथे रक्तदाबावर लक्ष ठेवणारे चेतातंतू असतात. ती जागा दाबली तर नाडी मंदावून रक्तदाब घसरतो, घेरी येते आणि वयस्क माणसे कोसळूही शकतात. मानेवर उतरायचे असेल तर नुसत्या तळहाताने, पिसासारखे हलके, एका वेळी एकाच बाजूला. मधोमध थायरॉइडवर काहीही फिरवू नये.

पिकलेला मुरूम, ओठावरचे हर्पीस विषाणूचे फोड, चामखीळ, चेहरा लाल करणारा रोझेशिया हा त्वचारोग किंवा ताजी जखम असेल तर मालिश थांबवावी. नाकाच्या मुळापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा कवटीच्या आतल्या शिरांशी जोडलेल्या असतात, म्हणून तिथला पू भरलेला फोड दाबणे खरोखर घातक ठरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना, आणि नुकतीच घेतलेली बोटॉक्स किंवा फिलरची इंजेक्शने, लेझर, दात काढणे यांनंतर डॉक्टरांना विचारूनच. चेहऱ्यात विजेसारखी कळ येत असेल किंवा तोंड एका बाजूला वाकडे झाले असेल, तर मसाजर बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. दुसऱ्या बाबतीत वाया गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांसाठी वेगळे सांगणे आहे. भुरी या द्राक्षवेलीवरच्या बुरशीवर मारलेले गंधक चेहऱ्यावर बसते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे म्हणजे कोंब फुटावेत म्हणून लावतात ते हायड्रोजन सायनामाइड त्वचा भाजते. बागेतून आल्यावर साबणाने नीट धुतल्याशिवाय मालिश केली तर औषध त्वचेवर आणखी चोळले जाते. आग होत असेल त्या दिवशी मालिश नकोच. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांनीही डब्यात पट्टी काढू नये : गचका बसला तर कड डोळ्यात जाते आणि हात तर डब्यातल्या कठड्याला लागून मळलेले असतात.

निगा : वापरानंतर सौम्य साबण, कोमट पाणी, कोरडे फडके. काशाची वाटी चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरने उजळली तर चिंचेचा किंवा पावडरचा कणही तिच्यावर उरता कामा नये. रोलर फ्रिजमध्ये ठेवता येतो, फ्रीजरमध्ये नाही, कारण दगड तडकतो आणि कातडी गारठून भाजते. एकाचे साधन दुसऱ्याला देऊ नये, मग ती सख्खी बहीण का असेना. हर्पीसचे फोड आणि चामखीळ असेही पसरू शकतात. पार्लरमध्येही साधन आपल्यासमोर धुवून घ्यायला संकोचू नये. विमानाने जाताना पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. उन्हात उभ्या गाडीत यंत्र सोडू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये आणि घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, दबली की ती पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा संकलनात द्यावी.