माळ घालणे

तुळशीची माळ गळ्यात धारण करून वारकरी संप्रदायाचे नियम आयुष्यभरासाठी स्वीकारण्याचा विधी. माळ घातलेल्या व्यक्तीला माळकरी म्हणतात. मांसाहार सोडणे हा या व्रताचा सर्वांत ठळक भाग आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत ‘मी माळकरी आहे’ एवढे म्हटले, की ताटात वशाट वाढायचे नाही हे वाढणाऱ्याला कळते.

जैन, लिंगायत किंवा बहुतेक मराठी ब्राह्मण घरांत शाकाहार जन्मासोबत येतो. माळकऱ्याने तो स्वतःहून पत्करलेला असतो. मराठा, माळी, धनगर अशा मटण-मासळी खाणाऱ्या घरातला बहुधा एखादाच माणूस माळ घालतो आणि बाकीचे पूर्वीसारखेच जेवतात. श्रावण सरला की नेहमीचे खाणे सुरू होते. माळ मात्र गळ्यातच राहते.

विधी अगदी साधा आहे. पंढरपुरात किंवा आळंदीत तुळशीच्या काष्ठाची, साधारणपणे १०८ मण्यांची माळ घेतात. ती ज्ञानेश्वरीवर ठेवतात आणि फडावरचे, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटाचे, महाराज किंवा एखादा जुना वारकरी ती गळ्यात घालतो. त्याच वेळी नियम सांगितले जातात: पंढरीची वारी, एकादशीचा उपवास, हरिपाठ, परस्त्री मातेसमान, मद्यमांस वर्ज्य.

निमित्ते अनेक असतात. वडिलांच्या मागे घरातली वारी चालवायची असते, आजारातून उठल्यावर नवस फेडायचा असतो, कोणाला नातवंडे झालेली असतात. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून बायकोने माळेचा आग्रह धरल्याचेही गावोगाव ऐकू येते. पण सर्वांत मोठी तयारी वारीच करून घेते. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, जवळपास तीन आठवडे, दिंडीत भाजी-भाकरी आणि पिठले खात माणूस चालतो. शपथेआधीच जिभेला सवय लागलेली असते.

कस लागतो तो घरी परतल्यावर. मटणाची चूल अंगणात जाते, त्याचे पातेले आणि पळी वेगळी होते. फोडी बाजूला काढून नुसता रस्सा घेण्याचा आग्रह पाहुणे करतात, पण माळकऱ्याला तोही चालत नाही. यात्रेत बोकड पडले तरी माळकऱ्यांसाठी पुरणपोळीची वेगळी पंगत बसते. हा समजूतदारपणा मोलाचा आहे. मात्र सासऱ्याने माळ घातली की दोन स्वयंपाक सुनेलाच करावे लागतात, हेही नोंदवायला हवे.

कीर्तनातून पशुबळीविरुद्ध बोलणाऱ्या गाडगे महाराजांचा (१८७६–१९५६) या संदर्भात उल्लेख आवश्यक आहे. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची जातरीत मोडून त्यांनी गोड जेवण घातले होते.

वर्षानुवर्षांच्या घामाने माळेचे मणी काळपट, गुळगुळीत होतात आणि दोरा झिजतो. तो तुटला, तर माळ ओवून पुन्हा गळ्यात येईपर्यंत जुने माळकरी घास घेत नाहीत.