तायक्वांदोचा डोबोक (ड्रेस) घेण्याआधी हे वाचा

क्लास सुरू होऊन आठवडा झाला की पालक दुकानात येतात. "तायक्वांदोचा ड्रेस द्या, एकशेतीसचा. नाव पण घाला." आम्ही विचारतो, "डब्ल्यूटी की आयटीएफ?" उत्तर ठरलेलं: "तायक्वांदो हो, कराटे नाही." आमचा निम्मा वेळ इथेच जातो, म्हणून हे पत्रक.

तायक्वांदोची घरं दोन. जनरल चोई हाँग ही यांनी १९६६ साली सेऊलमध्ये इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन, म्हणजे आयटीएफ स्थापन केली आणि १९७२ मध्ये ते कॅनडाला निघून गेले. त्याच वर्षी सेऊलमध्ये कुक्कीवॉन, म्हणजे तायक्वांदोचं मुख्य केंद्र, उभं राहिलं. १९७३ मध्ये तिथेच दुसरी संघटना निघाली, तिला आज वर्ल्ड तायक्वांदो, म्हणजे डब्ल्यूटी म्हणतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकं मिळतात ती हिच्या नियमांनी. आपल्याकडे क्लास दोन्ही घरांचे चालतात, पाटीवर मात्र नुसतं "तायक्वांदो" लिहिलेलं असतं.

डोबोकमध्ये फरक चांगलाच आहे. डब्ल्यूटीचा व्ही गळ्याचा, डोक्यातून घालायचा. आयटीएफचा पुढून उघडणारा, पाठीवर झाडाच्या आकारात अक्षरं. बेल्टसुद्धा वेगळा बसतो. आयटीएफवाले कमरेला एकच वेढा देतात, डब्ल्यूटीत बहुतेक ठिकाणी दोन. त्यामुळे त्याच मुलाला लांबी वेगळी लागते.

सरांना फोन करायचा संकोच वाटत असेल तर मुलालाच विचारा, पहिला फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, कोणता शिकवला? "तेगुक इल जांग" म्हणाला तर डब्ल्यूटी, "चॉन-जी" म्हणाला तर आयटीएफ. अजून फॉर्म सुरूच झाला नसेल तर मोठ्या मुलांची फाइट बघा. छातीला लाल-निळे गार्ड असतील तर डब्ल्यूटी. गार्ड नाही, हातात ग्लोव्ह्ज आणि चेहऱ्यावर पंच चालतो, तर आयटीएफ. एवढं कळल्याशिवाय आम्ही एम्ब्रॉयडरीची ऑर्डर घेत नाही. काहींना हा आगाऊपणा वाटतो. पण नाव घातलेला डोबोक बदलून देता येत नाही. टाके उसवले की भोकं राहतात आणि तो दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. नाव देवनागरी, इंग्रजी किंवा कोरियन लिपीत घालून मिळेल.

आता माप. आमची मापं उंचीवर आहेत, सेंटिमीटरमध्ये. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तसा डोबोक दोन मापं मोठा घेऊ नका. किक मारताना पँट पायात येते, गळा खांद्यावरून घसरतो. आणि कपडे नीट करायचे तर सरांकडे पाठ वळवून करायचे, ही तिथली शिस्त. मोठा डोबोक घातलेलं मूल तासभर पाठच फिरवत राहतं. एक माप मोठं चालेल. पँटची पट्टी आम्ही आतून दुमडून देतो, वर्षाने उसवून देऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

काळ्या गळ्याचा डोबोक "छान दिसतो" म्हणून मागू नका, मिळणार नाही. डब्ल्यूटीत काळा गळा दानचा, म्हणजे ब्लॅक बेल्टचा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ती परीक्षा पास झाल्यावर पूम मिळतो, त्यांचा गळा लाल-काळा. यलो बेल्टच्या मुलाला काळा गळा विकून आमचे चार पैसे सुटतील, पण वर्गात आल्यावर वाकून नमस्कार, सिनियरचा मान, कमावल्याशिवाय काही अंगावर न चढवणं, हे सगळं क्लासच्या फीमध्येच शिकवतात. ते आम्ही काउंटरवर मोडायचं का?

धुलाईबद्दल थोडक्यात. ब्लीच नको, गरम पाणी नको, सुती असेल तर आटतोच. पांढऱ्यावर डाग पडतात ते बहुतेक बेल्टचे. घामाने ओल्या डोबोकवर लाल बेल्ट गुंडाळून बॅगेत रात्रभर ठेवला की सकाळी डोबोक गुलाबी. घरी आल्याबरोबर दोन्ही वेगळे वाळत टाका, आणि हे काम मुलालाच करू द्या. सरांनाही तेच हवं असतं.

आमचा डोबोक बाजारातल्यापेक्षा थोडा महाग आहे. पँटच्या आसनाला आम्ही कळी घालतो आणि तिथे दुहेरी शिवण मारतो, कारण स्वस्त पँट पहिल्यांदा तिथेच फाटते, तेही नेमकी बेल्ट टेस्टच्या दिवशी. आमच्याकडची पँट तिथे उसवली तर पावती आणा, त्याच दिवशी शिवून मिळेल. एम्ब्रॉयडरीला मात्र चार दिवस लागतात, टेस्टच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका.