पाच वॅट आणि पृथ्वीची गोलाई

बोटीवर न्यायला हातातला व्हीएचएफ (अति उच्च वारंवारतेचा) रेडिओ घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याची रेंज किती? खोक्यावर एखादा भरघोस आकडा छापलेला असतोच. मग पाच वॅटचा घ्यावा की सहा वॅटचा, यावर खल सुरू होतो. पण रेंज ही काही रेडिओत भरून मिळणारी वस्तू नाही. ती मुख्यतः ठरते तुमची अँटेना पाण्यापासून किती उंच आहे आणि ऐकणाऱ्याची किती उंच आहे, यावर. जो रेडिओ दहा-बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीपर्यंत जेमतेम पोचतो, तोच पन्नास किलोमीटरवरच्या हेलिकॉप्टरला स्वच्छ ऐकू जाऊ शकतो. असं का होतं हे उमगलं की रेडिओ कसा धरायचा, कधी बोलायचं आणि अडचणीत कोण आपलं ऐकेल, याचा बराच उलगडा होतो. त्यासाठी थोडी भूमिती करावी लागेल, शाळेतली.

आधी ओळख. सागरी व्हीएचएफ रेडिओ साधारण १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. हाक मारण्याचा आणि संकटाचा चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. या वारंवारतेला तरंगलांबी येते १.९ मीटरच्या आसपास. हातातला संच एक वॅट किंवा पाच-सहा वॅटवर बोलतो, बोटीत पक्का बसवलेला पंचवीस वॅटपर्यंत जातो. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम जमत नाही.

आता पाच वॅट म्हणजे फार थोडे, अशी समजूत असेल तर ती काढून टाका. १९८३ साली कोलंबिया अंतराळयानातून अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनी हातात मावणाऱ्या संचावरून जमिनीवरच्या हौशी रेडिओवाल्यांशी गप्पा मारल्या होत्या. आजही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून १४५.८ मेगाहर्ट्झवर अंतराळवीर बोलतात, तेव्हा स्थानक डोक्यावरून जात असताना ते साध्या हातातल्या संचावर ऐकू येतं. स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि वारंवारता सागरी पट्ट्याच्या बरीच जवळ आहे. म्हणजे ४०० किलोमीटर पार करणं या तरंगांना मुळीच जड नाही. अट एकच, मधे काही आडवं येता कामा नये. समुद्रावर डोंगर नाहीत, इमारती नाहीत. मग आडवं काय येतं? समुद्रच. पाण्याचा पृष्ठभाग पृथ्वीबरोबर वाकलेला आहे, आणि तुमच्या आणि दुसऱ्या बोटीच्या मधे पाण्याचा फुगवटा उभा राहतो.

हा फुगवटा किती लवकर आड येतो, ते काढू. एक काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. त्याची एक बाजू पृथ्वीची त्रिज्या, ६३७१ किलोमीटर. कर्ण म्हणजे तीच त्रिज्या अधिक तुमच्या डोळ्याची पाण्यापासूनची उंची. तिसरी बाजू डोळ्यापासून क्षितिजापर्यंतची. पायथागोरसचा नियम लावायचा, उंचीचा वर्ग अगदी नगण्य म्हणून सोडून द्यायचा, आणि हाती राहतं ते इतकंच: अंतराचा वर्ग म्हणजे त्रिज्येची दुप्पट गुणिले उंची. उंची १ मीटर धरली तर वर्ग १२.७४ आणि वर्गमूळ ३.५७. एक मीटर उंचीवरून क्षितिज फक्त साडेतीन किलोमीटरवर असतं! छोट्या होडीत बसलेल्या माणसाला अथांग वाटणारा समुद्र प्रत्यक्षात एवढाच दिसत असतो. उंची चौपट केली की अंतर दुप्पट होतं, कारण मधे वर्गमूळ आहे.

रेडिओसाठी मात्र ३.५७ ऐवजी ४.१२ घ्यायचे असतात, आणि मला या साऱ्या प्रकरणातला हाच भाग सर्वात देखणा वाटतो. समुद्रसपाटीला हवेचा अपवर्तनांक, म्हणजे पोकळीच्या मानाने हवेत तरंग किती सावकाश जातो त्याचं माप, १.०००३च्या आसपास असतो. वर जाल तशी हवा विरळ होते, तिच्यातलं बाष्प कमी होतं आणि हा आकडा एकाकडे सरकत जातो. सरासरी हवामानात दर किलोमीटर उंचीमागे तो सुमारे ०.००००४ ने घटतो. घट अगदी किरकोळ आहे, पण परिणाम पाहा. तरंगाचा खालचा भाग किंचित दाट हवेत, म्हणून किंचित सावकाश जातो. वरचा भाग किंचित विरळ हवेत, म्हणून किंचित वेगाने. त्यामुळे तरंगाचा मार्ग हळूहळू खाली, जमिनीकडे वाकतो. हा बाक पृथ्वीच्या बाकाच्या साधारण एक चतुर्थांश भरतो. आता गणिताच्या सोयीसाठी मार्ग सरळ मानायचा आणि त्याच्या वाट्याचा बाक पृथ्वीच्या बाकातून वजा करायचा. उरतो तीन चतुर्थांश. कमी बाक म्हणजे मोठी त्रिज्या, तेव्हा रेडिओच्या दृष्टीने पृथ्वीची त्रिज्या होते खऱ्या त्रिज्येच्या चार तृतीयांश, जवळजवळ ८५०० किलोमीटर. ती मघाच्या सूत्रात घाला: दुप्पट करून एक मीटरने गुणल्यावर १७, आणि १७ चं वर्गमूळ ४.१२. हवेच्या एवढ्याशा फरकाने क्षितिज पंधरा टक्क्यांनी मागे सरकलं.

आणि हवा नेहमी सरासरी नसते. जमिनीवरची कोरडी, उबदार हवा थंड पाण्यावर पसरली की पाण्यालगत दमट, गार थर आणि वर कोरडा थर अशी रचना होते. अपवर्तनांक तेव्हा फार झपाट्याने घटतो. घट किलोमीटरमागे ०.०००१५७ एवढी झाली की तरंगाचा बाक पृथ्वीच्या बाकाइतकाच होतो आणि तरंग पाण्याला समांतर धावू लागतो. घट त्याहून जास्त झाली तर तो पाण्यावर आपटून पुन्हा वर, पुन्हा खाली असा एखाद्या बोगद्यातून गेल्यासारखा शेकडो किलोमीटर जातो. मग हातातल्या संचावर भलत्याच बंदराचं बोलणं ऐकू येऊ लागतं. तापमानाच्या अशाच उलट्या रचनेत प्रकाशही वाकतो आणि क्षितिजापलीकडचं जहाज हवेत तरंगताना दिसतं. बंदराला कधीच न लागणाऱ्या शापित ‘उडत्या डचमन’ जहाजाची दंतकथा खलाशांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, तिच्यामागे असंच मृगजळ असावं असं स्पष्टीकरण दिलं जातं. भुताखेताची गरजच पडत नाही, हवेचे दोन थर पुरतात. मात्र या बोगद्याच्या भरवशावर कोणी बसू नये. सकाळी शेकडो किलोमीटरवरचं ऐकलं म्हणून ‘आपला रेडिओ भारी आहे’ असा निष्कर्ष काढायचा, आणि हवा बदलल्यावर दुपारी वीस किलोमीटरवरूनही उत्तर मिळत नाही.

आता सूत्र वापरून पाहू. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं, की किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. तराफ्यात बसलेल्या माणसाच्या हातात रेडिओ पाण्यापासून १ मीटरवर. तसाच दुसरा माणूस असेल तर दोघांतलं अंतर ८ किलोमीटर. दुसरीकडे १६ मीटर उंच डोलकाठीच्या टोकाला अँटेना असेल तर २० किलोमीटर. किनारा केंद्राची अँटेना १०० मीटर उंच कड्यावर असेल तर ४५. आणि १५० मीटर उंचीवरून शोध घेणारं हेलिकॉप्टर असेल तर ५४. या चारही उदाहरणांत बोलणाऱ्याच्या हातात तोच संच आहे, तेच पाच वॅट.

मग वॅटचा उपयोग काही नाहीच का? आहे. क्षितिज म्हणजे भिंत नव्हे. विवर्तनामुळे, म्हणजे अडथळ्याच्या कडेवरून वळत जाण्यामुळे, तरंग थोडे पलीकडेही झिरपतात आणि तिथे जादा वॅट कामाला येतात. पण क्षितिजापलीकडे प्रत्येक किलोमीटरला संदेश इतका झपाट्याने क्षीण होतो की शक्ती पाचपट केली तरी अंतर पाचपट तर सोडाच, दुप्पटही होत नाही. आणि मोबाईलच्या पाठीवर चिकटवायचे ‘सिग्नल वाढवणारे’ स्टिकर विकले जातात, तसलं काही रेडिओवर चिकटवून तर कणभरही फरक पडत नाही. तोच पैसा जादा बॅटरीवर खर्च करावा.

प्रत्यक्ष पाण्यावर सूत्रातला उंचीचा आकडा सारखा हलत असतो. दोन-अडीच मीटरची लाट असली की होडी खळग्यात उतरताच समोरच्याचा आवाज खरखरीत बुडतो आणि माथ्यावर येताच पुन्हा लख्ख होतो. म्हणून बोलायची सुरुवात माथ्यावर करावी, वाक्यं आखूड ठेवावीत, ठिकाण दोनदा सांगावं. शक्य असेल तर उभं राहावं, रेडिओ डोक्याच्या पातळीला धरावा, पण अँटेना उभीच ठेवून. सागरी रेडिओचे तरंग उभ्या ध्रुवणाचे, म्हणजे उभ्या दिशेत हेलकावणारे असतात. बोलताना संच आडवा धरला की पलीकडच्या उभ्या अँटेनाला त्यातला फार थोडा भाग मिळतो. पाव तरंगलांबीची अँटेना खरं तर ४८ सेंटीमीटर हवी. हातातल्या संचाची बोटभर रबरी अँटेना म्हणजे तीच तार गुंडाळून आखूड केलेली असते, आणि या आखूडपणाची किंमत आधीच मोजलेली असते. त्यात तिला शरीराला चिकटवून किंवा मुठीत धरून आणखी नुकसान करू नये. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक आहे, आणि या वारंवारतेचे तरंग त्यात काही सेंटीमीटरमध्येच विरून जातात. पाण्यात पडलेल्या माणसाने अँटेना पाण्याबाहेर काढूनच बटण दाबावं. संच निदान आयपीएक्स-सात प्रतीचा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा असावा. दोरीने अंगाला बांधलेला असावा. तरंगणारा असला तर फार बरं.

मोबाईल असताना हे सगळं कशाला, असं विचारणारेही पुष्कळ असतात. मोबाईलचे मनोरे जमिनीवरच्या माणसांसाठी उभारलेले असतात, हे एक. त्याहून मोठी गोष्ट अशी की फोन एकाच माणसाला लागतो. तुमच्यापासून तीन किलोमीटरवर मासेमारीची बोट असेल तर तिचा नंबर तुमच्याकडे असण्याचं काही कारण नाही. चॅनेल १६ वर बोललेलं मात्र टप्प्यातल्या प्रत्येक संचाला एकाच क्षणी कळतं. शिवाय तुमच्या बोलण्यावरून तुमची दिशा शोधणारी यंत्रं बचाव नौकांवर असतात.

सगळ्यांना ऐकू जाण्याची दुसरी बाजूही आहे. हे रेडिओ एफएम पद्धतीचे आहेत. माहिती वारंवारतेच्या चढउतारात असते, म्हणून ग्राहक संच तरंगाची उंची छाटून टाकतो. याचा परिणाम असा की एकाच चॅनेलवर दोन संदेश आले तर थोडासा जोरकस असलेला पूर्ण जिंकतो आणि दुसरा जवळजवळ नाहीसा होतो. विमानांच्या रेडिओत अजूनही जुनी, तरंगाच्या उंचीत माहिती भरणारी एएम पद्धत वापरतात, तिच्यात दोघे एकदम बोलले की निदान गोंधळ ऐकू येतो आणि कोणीतरी आणखी आहे हे कळतं. एफएममध्ये तेही कळत नाही. जवळची बोट चॅनेल १६ वर जेवणाच्या गप्पा मारत असेल तर दूरच्या तराफ्यावरची हाक कोणाच्याही कानी न पडता विरून जाऊ शकते. म्हणून १६ वर फक्त हाक मारायची, उत्तर आलं की लगेच कामाच्या चॅनेलवर जायचं, आणि जवळच्याशी बोलताना एक वॅट पुरेसा मानायचा. बटण दबून राहिलेला संच गादीखाली अडकला असेल तर तो एकटाच आजूबाजूचं सगळं पाणी मुकं करतो. ते मधून मधून तपासावं. खरखर दाबणारं स्क्वेल्चचं बटणही फार वर नेऊ नये. खरखर सुरू होईपर्यंत खाली आणायचं आणि ती थांबेल एवढंच वर. जास्त शांतता हवी म्हणून ते पिळलं की खरखरीबरोबर क्षीण हाकाही दाबल्या जातात.

जीव किंवा बोट धोक्यात असेल तेव्हा १६ वर, पूर्ण शक्तीवर, तीनदा ‘मेडे’ म्हणायचं. मग बोटीचं नाव तीनदा आणि हाकचिन्ह, म्हणजे तिची रेडिओवरची ओळख. मग पुन्हा एकदा ‘मेडे’ आणि बोटीचं नाव, ठिकाण, काय झालंय, कसली मदत हवी, किती माणसं आहेत, आणि शेवटी ‘ओव्हर’. ठिकाण अक्षांश-रेखांशात, नाहीतर ओळखीच्या खुणेपासून दिशा आणि अंतरात. बटण सोडायला विसरू नका, नाहीतर उत्तर येऊनही ऐकू येणार नाही. ज्या संचात जीपीएस आणि डीएससी (अंकी संकेताने हाक मारण्याची सोय) असतं, त्यावर झाकणाखाली लाल बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की चॅनेल ७० वरून तुमचा नऊ आकडी ओळख क्रमांक, ठिकाण आणि वेळ अंकी रूपात जाते, आणि टप्प्यातल्या डीएससी संचांवर गजर होतो. त्यात प्रत्येक चिन्ह दोनदा पाठवलेलं असतं, एक बिघडलं तर दुसरं वाचता येतं. पण तो ओळख क्रमांक आधी आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे मिळवून संचात भरावा लागतो, आणि पुष्कळ संचांत तो कधी भरलेलाच नसतो.

मेडे ऐकू आला आणि तुम्ही संकटातला तराफा आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात असाल तर मघाचं भूमितीचं सूत्र पुन्हा आठवा. तराफ्यावरच्या माणसाचं क्षितिज चार किलोमीटरवर आहे, तुमची डोलकाठी त्याला दिसते आणि किनाऱ्यालाही दिसते. आधी गप्प राहून ऐकलेलं सगळं लिहून घ्या, वेळेसकट. किनारा केंद्राने उत्तर दिलं तर मधे बोलू नका. थोडं थांबूनही कोणाचंच उत्तर आलं नाही तर पूर्ण शक्तीवर तीनदा ‘मेडे रिले’ म्हणा, आपल्या बोटीचं नाव सांगा, आणि मग संकटातल्या बोटीचं नाव, ठिकाण आणि बाकीची माहिती लिहून घेतली तशीच वाचा.